मामाचं मशीन किती पॉवरचं घ्यावं?

आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. 'एकोणसत्तर' म्हणजे सिक्स्टी-नाईन की फिफ्टी-नाईन हे मी अजून बोटं मोजून ठरवते. त्यामुळे मराठी विभागात लिही असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा आधी टाळलंच. पण मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी, खारेपाटणला, जे शिकले ते इंग्रजीत लिहिलं तर त्यातला मामा नाहीसा होईल. म्हणून हा प्रयत्न. शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या.

खारेपाटण म्हणजे कणकवली तालुक्याचं वरचं टोक. मुंबई-गोवा हायवेने येताना रत्नागिरी जिल्हा संपला की लगेच. इथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा आहे. एक हजार वर्षांपूर्वीचं नाव असलेलं गाव, आणि तिथे मी गेले की माझा मुख्य उद्योग असतो फणस खाणे. असो.

आजोळी गॅस आहे. तरी न्हाणीतलं भाणं लाकडावरच तापतं, उकड्या तांदळासाठी भात उकडायचं तर मोठी चूल लागते, आणि गणपतीत पाहुणे आले की मागीलदारी तीन दगड मांडले जातातच. त्यामुळे मिरगाच्या आधी वर्षाचं सरपण मांगरात रचून झालं पाहिजे. हे काम मामा करतो. त्याच्याकडे एक छोटा चेनसॉ आहे, साधारण बत्तीस सीसीचा, दीड किलोवॅटचा, सोळा इंची पात्याचा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, वाडीत झाडं आडवी झाली, तेव्हा घेतलेला. त्या आठवड्यात तो चेनसॉ वाडीभर फिरला होता.

यंदा मामाच्या अंगणात, म्हणजे खळ्यात, ऐनाचे ओंडके येऊन पडले होते. बांधावरचा वठलेला ऐन, रीतसर परवानगी काढून तोडलेला. (ऐन, सागवान, खैर, आंबा, फणस ही झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मशीन घेण्याआधी हे माहीत असलेलं बरं.) ओंडके चाळीस सेंटीमीटर जाड. छोटं मशीन त्यात अर्ध्यावर जाऊन रडायला लागलं. मामा म्हणाला, "गो, माका आता मोठा मशीन व्हया. तू इंजिनीअर ना? सांग, खयचा घेव?"

थर्ड इयर मेकॅनिकल. डझनभर सबमिशन्स. आणि हा प्रश्न मला एकाही व्हायव्हात कुणी विचारलेला नव्हता.

आम्ही कणकवलीला एका दुकानात गेलो. दुकानदाराने लगेच एक पेटी पुढे सरकवली. ५८ सीसी, बावीस इंची पातं, आणि किंमत आमच्या अपेक्षेच्या निम्मी. मामाचे डोळे चमकले. मी पेटी उलटी केली. मागे बारीक अक्षरात पॉवर लिहिली होती, २.२ किलोवॅट. बाजूलाच एक ४५ सीसीचं मशीन होतं, अठरा इंची पात्याचं, त्यावर २.३ किलोवॅट! म्हणजे सीसी जास्त आणि पॉवर कमी? आपल्याकडे बाईकच्या गप्पा ऐकल्या तर सीसी म्हणजेच ताकद असं वाटतं. पण सीसी म्हणजे फक्त सिलिंडरमधली जागा. त्या जागेत चार्ज किती नीट भरतो, जळतो, आणि किती आरपीएमला, त्यावर पॉवर ठरते. तेव्हा पहिला धडा : पेटीवरचा मोठा आकडा सोडा आणि किलोवॅट शोधा. हॉर्सपॉवर लिहिली असेल तर ०.७४ ने गुणा.

दुसरं गणित मी घरी येऊन भाताच्या पोत्यावर बसून केलं. ३/८ पिचच्या नेहमीच्या साखळीत साधारण ३७ मिलिमीटरला एक कापणारा दात असतो. म्हणजे वीस सेंटीमीटरच्या ओंडक्यात एका वेळी पाच दात लाकडात असतात, आणि चाळीसच्या ओंडक्यात अकरा. दीड किलोवॅट पाच दातांत वाटले तर प्रत्येकाला ३०० वॅट. अकरांत वाटले तर १३६. दात उपाशी! मग तो कापत नाही, नुसता घासतो. २.३ किलोवॅटचं मशीन त्याच अकरा दातांना २०९ वॅट देतं. आणि ते बावीस इंची पातं? ते पूर्ण लाकडात गेलं की पंधरा-सोळा दात एकदम कामाला लागतात आणि वाट्याला येतात १४० च्या आसपास. म्हणजे आपलं जुनं रडणारं मशीनच, फक्त जास्त लांब आणि जास्त जड. पातं लांब म्हणजे मशीन ताकदवान, हा गैरसमज दुकानात फार चालतो. शिवाय जाडी दुप्पट झाली की कापायचं क्षेत्रफळ चौपट होतं, हे तर आपण आठवीतच शिकलोय.

मग ताबडतोब ४५ सीसी घ्यायचं? नाही. इथे मला आमच्या वर्कशॉपमधले काका आठवले. फिटिंगच्या जॉबला मी हॅकसॉ जोर लावून ओढत होते तेव्हा ते म्हणाले होते की दात बोथट असला की माणूस ताकद लावतो. मामाने पाच वर्षांत साखळीला कानशीच लावलेली नव्हती! खाली पडणारा भुसा पिठासारखा होता. धारदार साखळीतून पीठ पडत नाही, ढलप्या पडतात. हे लक्षात ठेवा, कुठलंही यंत्र न लावता धार तपासायची ही सगळ्यात सोपी टेस्ट आहे.

त्या छोट्या मशीनच्या साखळीला चार मिलिमीटरची गोल कानस लागते. कोन तीस अंश, कानस नेहमी आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखेच हात. मी मोठ्या आत्मविश्वासाने धार काढली आणि मामाने काप घेतला तर पातं वाकडं जात जात अर्धगोल काढून अडकलं. कारण? मी उजव्या हाताची. एका बाजूच्या दातांना जोर बसला, दुसऱ्या बाजूच्यांना नुसता गोंजारा. एका अंगाचे दात जास्त कापायला लागले की साखळी त्या अंगाला ओढली जाते. मामी पडवीतून बघत होती, ती काही बोलली नाही, पण हसली. दुसऱ्या दिवशी हात मोजून पुन्हा केलं. दातापुढे जो लहान उंचवटा असतो तो दात किती खोल शिरेल ते ठरवतो. तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली लागतो. धार काढत गेलं की दात बुटका होतो आणि हा उंचवटा तसाच राहतो, म्हणून तोही पट्टी कानशीने घासायचा. जास्त घासला तर मशीन झटके मारतं.

मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ घेतली. वीस सेंटीमीटरचा आकेशिया, आधी ६८ सेकंद, धारेनंतर २१. मामा म्हणाला, "मगे नवीन कित्याक?" पण ऐनाच्या ओंडक्याला धार लावूनही चार मिनिटं लागली आणि मशीन हात लावू नये इतकं तापलं. म्हणजे धारेने काम झालं, पण सगळं नाही.

आता खरा मुद्दा. मामा भजनी मंडळात पखवाज वाजवतो. गेल्या वर्षापासून लाकडं कापली की संध्याकाळी त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर होतात. तो ते कुणाला सांगत नव्हता. मामीने सांगितलं, कारण गणपतीतल्या एका भजनात तो मध्येच थांबला होता. हे थकव्याने होतं असं तो समजत होता. पण थरथरणारं यंत्र रोज तास न् तास धरलं की बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, हा ओळखीचा आजार आहे आणि उशीर झाला तर तो पूर्ण बरा होत नाही. युरोपात २००२ च्या एका निर्देशाने हाताच्या थरथरीला मर्यादा घातली आहे. आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की काळजी घ्यायची, ५ च्या वर जायचंच नाही. सरासरी काढायची ती अशी : मशीनचा आकडा गुणिले, तास भागिले आठ याचं वर्गमूळ. सात आकड्याचं मशीन एक तास धरलं तरी २.५ ची रेघ गाठली जाते. पाच आकड्याचं दोन तास चालतं. मामा मे महिन्यात चार-चार तास धरत होता, तेही बोथट साखळीने, दाबून.

हे कळल्यावर किलोवॅटपेक्षा मॅन्युअलमधली दुसरी ओळ मला महत्त्वाची वाटायला लागली. हँडल आणि इंजिनाच्या मधे स्प्रिंग किंवा रबर आहे का, आणि थरथरीचा आकडा छापलाय का. स्वस्तातल्या ५८ सीसीच्या पुस्तिकेत तो आकडा नव्हताच. वजनही बघायचं. ७० सीसीच्या वर्गातली मशीन पात्याशिवायच सहा किलोच्या वर जातात. झाड पाडणाऱ्याला ती लागतात, खळ्यात सरपण कापणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला नाही. आता वजनाची रड ऐकून हसूही येतं, कारण १९२६ मध्ये जर्मनीत आंद्रेआस स्टिलने बनवलेली विजेवरची करवत इतकी जड होती की धरायला दोन माणसं लागायची! आजच्या साखळीचा दात तर अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्सने १९४७ मध्ये बनवला, लाकूड पोखरणाऱ्या एका अळीचे जबडे बघून.

विजेवरचं मशीन घ्यावं का, हे मीच सुचवलं होतं. दोन किलोवॅट, आवाज कमी, पेट्रोल नको. पण नऊ अँपिअर ओढणारं मशीन, पन्नास मीटर लांब एक स्क्वेअर एमएमची वायर, जाऊन-येऊन सुमारे १.८ ओहम. सोळा व्होल्ट वायरीतच गेले. वायर जाड घेतली तर हे सुटतं, पण वाडीतलं संध्याकाळचं व्होल्टेज कोण जाड करणार? घर हायवेच्या कडेला असतं तर मी तेच घेतलं असतं.

शेवटी ४५ सीसीचं घेतलं, अठरा इंची, स्प्रिंगवालं. पुढचा काळा दांडा, म्हणजे साखळीचा ब्रेक, दुकानातच दाबून बघितला. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उलटं तोंडावर येतं, तेव्हा हाच दांडा वाचवतो. त्याशिवायचं मशीन फुकट दिलं तरी घेऊ नका. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल पुस्तिकेत लिहिलं तेवढंच, आमच्याला लिटरला २० मिली. आणि आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. कोकणातल्या पावसात टाकी भरून मशीन ठेवलं तर ऑगस्टमध्ये कार्बोरेटर उघडावा लागेल.

ऐनाच्या त्याच ओंडक्याला नवं मशीन सव्वा मिनिट घेतं. मामाला मी घड्याळ लावून दिलंय, दिवसाला एक तास, मधे मधे थांबून. बाकी वेळ कुऱ्हाड आणि पाचर. तो कुरकुरतो, म्हणतो, "मशीनापेक्षा तुझाच वजन जास्त झाला." कणकवलीच्या डॉक्टरांनी बोटं बघितली, पुन्हा दिवाळीनंतर बोलावलंय. परवा मामीचा फोन होता. मांगर भरला, दोन ओंडके उरले, आणि एकादशीच्या भजनाला मामा शेवटपर्यंत वाजवत होता.