डुकराचा जंत आणि माणसाचे शरीर

माणसाच्या आतड्यात राहणारा गोलकृमी, ज्याला आपण साधेपणाने जंत म्हणतो, आणि डुकराच्या आतड्यात राहणारा गोलकृमी हे शेजारी ठेवले, तर नुसत्या डोळ्यांनी त्यांच्यात भेद करता येत नाही. पहिल्याला लिनिअसने १७५८ साली ॲस्कॅरिस लुंब्रिकॉइडिस असे नाव दिले. दुसऱ्याला गोएझे याने १७८२ साली ॲस्कॅरिस सूम म्हटले. नावे वेगळी झाली आणि त्यांच्याबरोबर एक समजूतही रूढ झाली, की डुकराचा जंत डुकरापुरता आणि माणसाचा माणसापुरता. ही समजूत कितपत खरी, हा प्रश्न केवळ नामकरणाचा नाही. गावातील माणसांना औषध दिले आणि डुकरांकडे दुर्लक्ष केले, तर जंतांचा उपद्रव थांबेल काय, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

जंताची मादी दिवसाकाठी सुमारे दोन लाख अंडी घालते. विष्ठेबरोबर बाहेर पडलेली अंडी लगेच बाधक नसतात. ओलसर मातीत काही आठवडे राहिल्यावर त्यांच्यात अळी तयार होते. असे अंडे पोटात गेले की आतड्यात अळी बाहेर पडते. ती तेथेच वाढत असेल, असे कोणासही वाटावे. परंतु १९१६ साली स्टुअर्ट या ब्रिटिश संशोधकाला अंडी खाऊ घातलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत अळ्या आढळल्या, आणि उंदीर हा या जंताचा मधला आश्रयदाता असावा असा तर्क त्याने केला. तो तर्क चुकीचा होता. १९२२ साली शिमेसू कोइनो या जपानी बालरोगतज्ज्ञाने माणसाच्या जंताची दोन हजार अंडी स्वतः गिळली आणि पुढे आपल्याच थुंकीत अळ्या पाहिल्या. अळी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतात, तेथून हृदयामार्गे फुप्फुसांत जाते, श्वासनलिकेतून वर घशाशी येते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात पोहोचते. इतका लांबचा फेरा घेण्याचे प्रयोजन काय, हे कोडे मोठे मनोरंजक आहे.

डुकराच्या जंताची अळीही माणसाच्या शरीरात हाच प्रवास करू शकते. याचा दारुण पुरावा १९७० साली कॅनडातील माँट्रियलजवळ मिळाला. तेथील चार विद्यार्थ्यांच्या अन्नात कोणी तरी या जंताची अंडी मोठ्या प्रमाणात मिसळली होती. दहा ते चौदा दिवसांनी त्यांना धाप लागू लागली, दम्यासारखे झटके येऊ लागले, क्ष-किरण चित्रांत फुप्फुसांवर छाया दिसल्या. दोघांची श्वसनक्रिया तर कोलमडण्याच्या बेतास आली. सुदैवाने चौघेही वाचले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात नोंदलेल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत: त्यांच्या रक्तात इओसिनोफिल या श्वेतपेशी बेसुमार वाढल्या होत्या, आणि 'ई' वर्गाच्या प्रतिपिंडांचे प्रमाणही चढले होते.

जीवाणूला भक्षक श्वेतपेशी सरळ गिळून टाकते. अळी मात्र त्या पेशीच्या कितीतरी पट मोठी असते. तिला गिळणे अशक्य. म्हणून शरीर दुसरा उपाय योजते. 'ई' वर्गाचे प्रतिपिंड मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. अळीतून पाझरणारी प्रथिने त्यांना भिडली, की मास्ट पेशी हिस्टामीन व तत्सम द्रव्ये सोडतात. इओसिनोफिल पेशी अळीभोवती गोळा होऊन आपल्या कणांतील विषारी प्रथिने तिच्या अंगावर ओततात. यात अळ्या मरतात हे खरे, पण हिस्टामीनमुळे श्वासनलिकांचे स्नायू आवळले जातात, ऊतींना सूज येते आणि रुग्ण गुदमरतो. रोगाचा पुष्कळसा भाग हा संरक्षणाचाच परिणाम असतो. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांत ॲस्कॅरिसचे विच्छेदन वारंवार करणाऱ्यांपैकी काहींना केवळ त्याच्या सान्निध्याने शिंका व धाप का लागते, हेही यावरून कळावे.

विष्ठातपासणी मात्र अशा वेळी फसवी ठरते. अळ्या प्रौढ झालेल्याच नसतात, मग अंडी कोठून दिसणार? जपानच्या क्यूशू बेटावरील डुक्करपालनाच्या प्रदेशातून १९९६ साली अशा रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. निदानाचा आधार होता तो रक्तातील वाढलेल्या इओसिनोफिल पेशींचा आणि जंताविरुद्धच्या प्रतिपिंडांचा. संशय होता तो डुकरांच्या विष्ठेचे खत घालून पिकवलेल्या भाज्यांवर.

आणि प्रौढ जंतांचे काय? ग्वाटेमालातील खेड्यांत माणसे व डुकरे जवळजवळ राहत असूनही दोहोंतील जंतांचे आनुवंशिक गट वेगळे आढळले, असे १९९३ साली दिसून आले. उलट डेन्मार्कमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत माणसांच्या शरीरातून निघालेले जंत डुकरांच्या जंतांशी जुळले. त्या देशात माणसा-माणसांतील प्रसार जवळजवळ थांबलेला आहे. उरलेला जंत येतो तो डुकरांच्या गोठ्यातून आणि त्यांच्या खतातून.