टोळ नियंत्रणाच्या वाहनांसाठी चाके व टायर यांची निवड

वाळवंटी टोळांचे थवे दिवसा उडतात आणि सायंकाळी झाडाझुडपांवर किंवा जमिनीवर उतरतात. सकाळी ऊन तापेपर्यंत थवा एकाच जागी असतो, आणि वाहनावरील यंत्राने फवारणी करण्याची खरी वेळ तीच असते. थवा पुन्हा उडाला, तर तो एका दिवसात शंभर-दीडशे किलोमीटर दूर जाऊ शकतो. त्यामुळे वाळूत रुतलेले वाहन बाहेर काढण्यात पहाटेचा एक तास गेला, तर बहुधा त्या दिवसाची मोहीमच हातची जाते.

भारतातील अनुसूचित वाळवंटी क्षेत्र राजस्थान व गुजरातमध्ये मिळून सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर आहे. जोधपूरस्थित टोळ इशारा संघटनेची सर्वेक्षण पथके तेथे वाहनांनीच फिरतात. २०१९-२० च्या उद्रेकात थवे या क्षेत्राबाहेरही पसरले. मे २०२० मध्ये ते अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत पोहोचले. म्हणून टायरची निवड हा केवळ चालकाचा विषय राहत नाही. चुकीच्या टायरमुळे वाहन वेळेवर पोहोचत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र टायर बदलल्याने कीटकनाशकाची हेक्टरी मात्राही बदलते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

टायरवरील आकड्यांचा अर्थ

उदाहरणादाखल २१५/७५ आर १५ हे माप घेऊ. २१५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ७५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, अर्थात सुमारे १६१ मिलिमीटर. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणी दर्शवते, तर १५ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. रिमचा व्यास (३८१ मिलिमीटर) आणि भिंतीच्या उंचीची दुप्पट यांची बेरीज केली की चाकाचा एकूण व्यास ७०३.५ मिलिमीटर मिळतो.

यापुढे भार निर्देशांक छापलेला असतो. १०० हा निर्देशांक प्रति टायर ८०० किलो, तर १०४ हा ९०० किलो भार दर्शवतो. फवारणी यंत्र, औषधाची टाकी, पाणी, इंधन व माणसे यांचे एकूण वजन मोजूनच निर्देशांक ठरवावा. चार अंकी उत्पादन क्रमांकातील पहिले दोन अंक आठवडा व पुढील दोन अंक वर्ष सांगतात. टोळांच्या शांततेच्या काळात वाहने दीर्घकाळ उन्हात उभी राहतात. अशा टायरची नक्षी शाबूत दिसत असली, तरी रबराला तडे गेलेले असू शकतात.

मोठी रिम की उंच टायर?

मोठी रिम म्हणजे अधिक सक्षम वाहन, हा समज दुर्गम भागासाठी बरोबर नाही. २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ या दोन मापांची तुलना करू. दुसऱ्या चाकाची रिम दोन इंचांनी मोठी आहे. परंतु एकूण व्यास केवळ १५ मिलिमीटरने अधिक भरतो आणि भिंतीची उंची मात्र १८ मिलिमीटरने कमी होते. डांबरी रस्त्यावर कमी उंचीची भिंत वाहन स्थिर ठेवते. वाळू व दगडगोट्यांत मात्र उंच भिंतच उपयोगी पडते, कारण हवा कमी केल्यावर तीच पसरते आणि धक्केही तीच शोषून घेते. म्हणून उत्पादकाने मान्य केलेल्या मापांपैकी लहान रिम व उंच भिंत असलेले माप सर्वेक्षण वाहनासाठी निवडावे. स्टेपनीसह पाचही टायर एकाच मापाचे असावेत. फोर-व्हील ड्राइव्ह वाहनात असमान व्यासाच्या चाकांमुळे गिअर यंत्रणेवर ताण येतो.

जमिनीनुसार नक्षी

ऑल-टेरेन टायर हा डांबरी रस्ता व कच्ची वाट यांतील मध्यम मार्ग होय. मुरमाड, खडकाळ व वालुकामय भागांत मिळून काम करणाऱ्या पथकाला तोच सोयीचा ठरतो. मोठ्या खाचांचा मड-टेरेन टायर भुसभुशीत वाळूत उकरत खाली जाण्याची शक्यता अधिक असते. याउलट ओल्या काळ्या जमिनीत ऑल-टेरेन टायरच्या खाचा चिखलाने भरून तो गुळगुळीत होतो; तेथे रुंद खाचांचा टायर फिरताना चिखल झटकून टाकतो. २०२० मध्ये विदर्भात थवे आले तेव्हा उन्हाळा होता व जमीन कोरडी होती. हेच संकट पावसाळ्यात आले असते, तर टायरची निवड वेगळी करावी लागली असती.

हवेचा दाब

वाळूत शिरण्यापूर्वी हलक्या वाहनाच्या टायरमधील दाब साधारणतः १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवावा; वाहनावर भार असल्यास तो काहीसा अधिक ठेवावा. दाब कमी केल्याने टायरचा जमिनीवरील ठसा लांबतो व भार अधिक क्षेत्रावर विभागला जातो. अशा स्थितीत वेग कमी ठेवावा आणि तीव्र वळणे टाळावीत, अन्यथा टायर रिमवरून निसटू शकतो. फुगलेल्या भिंतीत विलायती बाभळीचा काटा सहज शिरतो, याचेही भान ठेवावे. डांबरी रस्त्यावर येताच दाब पूर्ववत करावा. कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. दाबमापक, वाहनाच्या बॅटरीवर चालणारा हवेचा पंप व पंक्चर दुरुस्तीचा संच ही या वाहनाची आवश्यक साधने आहेत.

टायर आणि औषधाची मात्रा

टोळ नियंत्रणात अति-अल्प आकारमानाच्या फवारणीत हेक्टरी साधारणतः एक लिटर किंवा त्याहून कमी द्रावण वापरले जाते. इतक्या अल्प मात्रेत वाहनाचा वेग निर्णायक ठरतो. त्याचे सूत्र असे:

हेक्टरी लिटर = ६०० × प्रवाह (लिटर प्रति मिनिट) ÷ [वेग (किमी प्रति तास) × पट्ट्याची रुंदी (मीटर)]

प्रवाह ०.५ लिटर, वेग १० किमी व पट्टा ३० मीटर असल्यास मात्रा १ लिटर येते. आता २१५/७५ आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ टायर बसवला, तर व्यास ७३३.५ मिलिमीटर होतो. वेगदर्शक पूर्वीइतकाच वेग दाखवत असताना वाहन सुमारे ४ टक्के जलद धावते आणि मात्रा ०.९६ लिटरवर येते. हा फरक लहान आहे. परंतु भुसभुशीत वाळूत चाके २० टक्के घसरली, तर वेगदर्शकावर १० दिसत असताना प्रत्यक्ष वेग ८ राहतो आणि मात्रा १.२५ लिटर होते. म्हणजेच औषध एक-चतुर्थांश अधिक पडते. पक्क्या पट्ट्यावर कमी व वाळूत जास्त, अशी असमान फवारणी होते. योग्य टायर व योग्य दाब ही घसरण कमी करतात. म्हणून टायर हा फवारणी यंत्राचाच एक भाग मानला पाहिजे.

पडताळणीची सोपी पद्धत

१. टायर, दाब वा भार बदलल्यानंतर प्रत्यक्ष कामाच्या जमिनीवर १०० मीटर अंतर मोजून खुणा कराव्यात.
२. पहिल्या खुणेआधीच वेग स्थिर करून दोन्ही खुणांमधील वेळ घड्याळाने मोजावी.
३. ३६० ला सेकंदांनी भागावे. उत्तर किमी प्रति तास मिळते. ३६ सेकंद म्हणजे १० किमी, ४५ सेकंद म्हणजे ८ किमी.
४. ही चाचणी तीनदा करून सरासरी काढावी व त्यानुसार वेग किंवा प्रवाह जुळवावा.

ट्रॅक्टरचलित बूम फवारणी यंत्रालाही हेच सूत्र व हीच चाचणी लागू पडते. मागील १३.६-२८ टायरच्या जागी १४.९-२८ बसवल्यास त्याच गिअरमध्ये व इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर ट्रॅक्टर अधिक वेगाने चालतो आणि पिकावर औषध कमी पडते. ओल्या रानात चाक घसरले की नेमके उलट घडते. कीड आटोक्यात आली नाही, तर औषधाला दोष देण्यापूर्वी प्रत्यक्ष वेग तपासावा. विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या फवारणी प्रशिक्षणात नोझलच्या तपासणीबरोबरच १०० मीटरची ही चाचणी शेतकरी बांधवांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावी.