मृगाआधी होडी पालथी घाला

पोरा, होडीची आठवण कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढायला लागल्यावर काढू नये. फायबरचं काम उन्हाळ्यातलं. पावसाळी दमट हवेत रेझिन धरत नाही, चिकटच राहतं.

होडी आधी पालथी घालून आठवडाभर वाळू दे. मग नाण्यानं सगळा तळ ठोकत जा. आवाज टणक आला तर बरं. बद्द आला तिथं थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय. खडूनं खूण कर. तापोळा-बामणोलीकडं उन्हाळ्यात शिवसागर जलाशयाचं पाणी उतरतं, होड्या दगडाला घासतात, म्हणून तिथं तळ आधी बघायचा. आपल्या सांगलीकडं पुराची होडी वर्षभर उन्हात पडून असते, तिचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, भुरभुरतो. इंजिन लावायची मागची फळी मात्र दोन्हीकडं तपासायची. बोल्टच्या भोकातून पाणी शिरून आतलं प्लायवूड कुजतं आणि वरून काही दिसत नाही.

भोकावर ठिगळ चिकटवून वर रंग मारणारे पुष्कळ आहेत. पुरात वाहून आलेल्या पहिल्याच ओंडक्याला ते ठिगळ निघतं. खरं काम घासण्यात आहे. तळ 5 मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या कडेपासून चहूबाजूंनी 6 सेंटीमीटर उतार काढायचा. एवढं चांगलं फायबर घासायला जीवावर येतं, पण नवा थर धरतो तो त्या उतारावरच. तोंडाला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. खाज सुटली तर गार पाण्यानं धू, चोळू नको.

आता नीट ऐक. रेझिनमध्ये घालायचे कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर लावायच्या वेळी. किलोला 10 ते 20 ग्रॅम हार्डनर लागतो; मे महिन्याच्या उन्हात 10 पुरे. पहाटे काम काढ, डब्यात थोडंथोडंच कालव. चष्मा लावल्याशिवाय हार्डनरच्या बाटलीला हात लावू नको, डोळा जातो.

काचतंतूच्या मॅटवर ब्रश ओढायचा नाही, टिपत जायचं, मग रोलरनं हवा काढायची. पांढरा डाग दिसला म्हणजे तिथं रेझिन पोचलं नाही. मॅटच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन बास. जास्त ओतलं तर थर ठिसूळ होतो.

दुरुस्तीनं होडी जास्त माणसं पेलत नाही, हेही सांगून ठेवतो. 2019च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. त्याच पुरात 8 तारखेला ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली आणि गावातली माणसं गेली. म्हणून रंगाचा शेवटचा हात झाला की किती माणसं बसवायची तो आकडा दोन्ही बाजूंना ठळक रंगव, आणि तेवढी लाइफ जॅकेटं होडीतच ठेव.