दुष्काळी कामे आणि टिकाऊ विकास
अवर्षणप्रवण परंडा तालुक्यात अर्थव्यवस्था सावरणे म्हणजे प्रथम हाताला काम मिळणे होय. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हाच धडा घेतला. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे अधिष्ठान लाभले. काम मागणे हा ग्रामीण प्रौढांचा हक्क ठरला.

परंतु मजुरी त्या हंगामापुरतीच तारते. पाझर तलाव पाणी भूगर्भात मुरवितो, बांधबंदिस्ती माती शिवारातच धरून ठेवते. विहिरींना आधार मिळून पुढील अवर्षणाची झळ कमी होते. मात्र तलावात गाळ साचला की पाझर मंदावतो. म्हणून कामाचे मोल केवळ मनुष्यदिवसांत न मोजता, किती पाणी मुरले यावरूनही ठरावे. गाळ काढणे व बांध राखणे गावाने आपले मानले, तरच दुष्काळी काम टिकाऊ विकासाची पायरी ठरेल.