सहीच्या पुस्तकांचं वेड लागलंय तुला, तर ऐक

अगं, ॲसिमोव्ह, ब्रॅडबरी यांच्या सहीच्या पहिल्या आवृत्त्या जमवायच्या म्हणतेस, तर मला आधी तुझ्या पगाराचीच काळजी वाटली. नगरच्या नागापूर एमआयडीसीत नोकरी लागून तुला दिवस किती झाले? परदेशातलं 1950 च्या सुमाराचं पुस्तक म्हणजे डॉलरमधली किंमत, वर टपाल, वर कस्टम. आणि सही खरी की खोटी, हे इथे बसून कोण सांगणार? तुझी हौस मोडत नाहीये मी. पण सुरुवात मराठीतून कर, जयंत विष्णू नारळीकरांपासून.

त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी 1957 ची, तुझ्या त्या ॲसिमोव्ह-ब्रॅडबरीच्या काळातलीच. शिष्यानं 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. स्वतःची आद्याक्षरं सरळ उलटी केली! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. म्हणजे बघ, तुला हवं असलेलं हस्ताक्षर त्या पहिल्या कथेवर नव्हतंच. बक्षीस मात्र मिळालं. पुढे 1979 मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. तुझ्या यादीत पहिलं नाव हेच घाल.

आता पुस्तक हातात घेतलंस की आधी मुखपृष्ठ नको, आतलं मुद्रणाचं पान उघड. ‘पहिली आवृत्ती’ आणि साल दिसलं पाहिजे. ‘पुनर्मुद्रण’ असेल तर दुकानदार कितीही ‘दुर्मिळ, दुर्मिळ’ म्हणो, पैसे देऊ नकोस. जुन्या पुस्तकांत कधी नुसतं शके असतं; त्यात 78 मिळव. सहीचं पान उजेडात तिरकं धर. बॉलपेननं केलेली सही असेल तर मागच्या बाजूला दाब जाणवतो, छापलेली असेल तर नाही. कुणाला ‘सप्रेम’ म्हणून दिलेली प्रत असेल आणि ते नाव खरवडलेलं दिसलं, तर तिथूनच परत फीर. नाव नीट असेल तर मला उलट ती जास्त आवडते. नारळीकर मे 2025 मध्ये गेले, आता नवी सही होणार नाही. म्हणून खोट्या वाढतील, हे धरूनच चाल.

आणि खरं सांगू? तू चुकीच्या जागी शोधतेयस. मुलं सहीसाठी वही पुढे करायची, तेव्हा नारळीकर म्हणायचे, सही नाही देत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तर देईन, त्याखाली सही असेलच. ती कार्डं आज कुणाच्या तरी ट्रंकेत, बिलांच्या गठ्ठ्यात पडलेली असणार. नगरात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले शिक्षक गाठ, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची चौकशी कर. कार्ड मिळालं तर विकत मागू नकोस बाई, फार वाईट दिसतं. फोटो काढू द्या म्हण, आणि प्रश्न काय विचारला होता ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेव.

पुस्तकं आणलीस की चिकटपट्टी लावायची नाही, अजिबात. कागदाचं कव्हर घाल, कसर लागते का ते महिन्यातून एकदा पाहा, आणि तुझ्या खोलीच्या त्या मनमाड रस्त्याकडच्या खिडकीत ठेवू नकोस, नुसती धूळ येते तिथून. पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाशील तेव्हा मला कळव. भावाची घासाघीस तुला जमत नाही, मी येते.