वेष आणि माणूस

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने एक जुने संगीत नाटक संक्षिप्त रूपात सादर केले. पदे म्हणू शकेल अशी मुलगी मिळेना, म्हणून नायिकेचे काम आमच्याच वर्गातील एका मित्राने केले. नऊवारी लुगडे, अंबाड्यावर गजरा, चालण्यातली अदब, सारे त्याने इतके समरसून केले की पडदा पडल्यावरही टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी हाच मित्र कँटीनमध्ये चहा घ्यायला आला, तेव्हा एका टेबलावरून निराळी टाळी ऐकू आली. तळहातावर तळहात आडवा मारून वाजवलेली ती टाळी कोणाची नक्कल असते, हे वाचकांना सांगायला नको. सगळे हसले. मीही हसलो. मित्र चहा न घेता निघून गेला आणि पुढचे आठ दिवस तासांना आला नाही.

त्या आठ दिवसांत मला एका प्रश्नाने गाठले. काल ज्या वेषाला आपण डोक्यावर घेतले, त्याच वेषाची आज कुचेष्टा का केली? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी ग्रंथालयात शिरलो. पुरुषाच्या वेषात जगलेल्या स्त्रिया आणि स्त्रीच्या वेषात जगलेले पुरुष, निदान ज्यांची नोंद जगाने अशी केली आहे अशी माणसे, बहुतेक सर्व देशांच्या इतिहासात आढळतात. त्या सर्वांचा परामर्श एका लेखात घेणे अशक्य आहे. म्हणून प्रथम आपल्या रंगभूमीकडे ओझरती नजर टाकून मग दोन चरित्रे जरा विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

रंगभूमीवरील स्त्रीवेष

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे मराठी रंगभूमीवरील स्त्री-भूमिका प्रामुख्याने पुरुषांनीच केल्या. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकरांनी या कामात लौकिक मिळवला. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस त्याच मंडळीत आले. हेच आपले बालगंधर्व. 'मानापमाना'तील भामिनी (१९११), 'स्वयंवरा'तील रुक्मिणी (१९१६) आणि 'एकच प्याला'तील सिंधू (१९१९) या त्यांच्या भूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावले. घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखी केशरचना करू लागल्या. स्त्रीने कसे दिसावे हे स्त्रियांनी एका पुरुषाकडून शिकावे, हा नवलाचाच प्रकार म्हटला पाहिजे. पुढे १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि मृत्यूनंतर वर्षभराने, १९६८ साली, पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले.

परंतु या कौतुकाला एक अट होती. वेष रंगमंचाच्या चौकटीत राहिला पाहिजे. पडदा पडला की शालू उतरला पाहिजे आणि नारायणराव घरी गेले पाहिजेत. ही चौकट जरा सैल झाली की समाजाची नजर कशी बदलते, याचे उदाहरण म्हणजे गणपत पाटील. मराठी तमाशापटांत 'नाच्या'च्या भूमिका करून ते घराघरांत पोचले. पण बायकामुलांचा संसार असलेल्या या गुणी नटाच्या माथी त्या भूमिकेचा शिक्का असा बसला की पडद्याबाहेरही लोक त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहू लागले. बालगंधर्वांची रुक्मिणी राजकन्या होती, पाटलांचा नाच्या फडावरचा होता. वेष तोच, पण प्रतिष्ठा कोणाच्या वाट्याला यावी हे आधीच ठरलेले होते.

ही दोन्ही माणसे नट होती. वेष घालणे आणि उतरवणे हा त्यांचा व्यवसाय होता. माझ्या प्रश्नाचा खरा कस लागतो तो वेष न उतरवणाऱ्या माणसांपाशी. अशा दोघांची कागदपत्रे युरोपात विपुल उरली आहेत, म्हणून आता तिकडे वळू.

शव्हालिए देऑन

तत्पूर्वी भाषेची एक अडचण सांगतो. मराठीत माणूस 'गेला' किंवा 'गेली' हे सांगितल्यावाचून वाक्य पुढे सरकत नाही. इंग्रजी क्रियापदाला ही चिंता नाही. म्हणून मी एक नियम केला. ज्या व्यक्तीने ज्या काळात स्वतःला जे म्हणवले, तेच लिंग मी त्या काळापुरते वापरले आहे.

देऑन यांचा जन्म ५ ऑक्टोबर १७२८ रोजी फ्रान्समधील तोनेर या गावी झाला. पॅरिसमध्ये कायद्याची पदवी घेऊन ते सरकारी सेवेत शिरले. पंधराव्या लुईने स्वतःच्या मंत्र्यांनाही नकळत एक गुप्त हेरखाते चालवले होते, त्यात त्यांची नेमणूक झाली व ते रशियाला गेले. रशियाच्या दरबारात ते स्त्रीवेषात वावरले अशी एक रंगतदार कथा आहे, पण इतिहासकार ती विश्वसनीय मानत नाहीत. सप्तवार्षिक युद्धात ते ड्रॅगून पथकाचे कॅप्टन म्हणून लढले. १७६२ साली फ्रेंच वकिलाचे चिटणीस म्हणून ते लंडनला गेले, १७६३ च्या पॅरिस तहाच्या कामात त्यांनी भाग घेतला आणि त्याबद्दल त्यांना सेंट लुईचा क्रूस हा मानाचा किताब मिळाला. 'शव्हालिए' ही पदवी त्यातलीच. पुढे नव्या वकिलाशी त्यांचे बिनसले. १७६४ मध्ये त्यांनी सरकारी पत्रव्यवहारच छापून काढला आणि एकच खळबळ उडाली. आणखी गुपिते फुटू नयेत म्हणून राजाने अखेर त्यांना वर्षासन बांधून दिले.

साधारण १७७० नंतर लंडनमध्ये कुजबूज सुरू झाली की हा शव्हालिए वास्तविक स्त्री आहे. पाहता पाहता त्यावर पैजा लागल्या. लोक रोख पैसे लावून देऑन पुरुष की स्त्री यावर सौदे करू लागले. एका जिवंत माणसाच्या देहावर शेअरबाजारासारखा बाजार भरला! १७७७ मध्ये अशा एका पैजेचा खटला लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे चालला आणि ज्यूरीने देऑन स्त्री असल्याचा निर्णय दिला. ज्या व्यक्तीबद्दल हा निवाडा झाला, ती न्यायालयात हजरही नव्हती.

दरम्यान १७७५ मध्ये फ्रेंच राजाच्या वतीने नाटककार बोमार्शे याने देऑनशी करार केला होता. गुप्त कागद परत करावेत, स्त्री म्हणून मान्यता घ्यावी आणि स्त्रीवेषात राहावे, अशा त्याच्या अटी होत्या. देऑनचा स्वतःचा दावाही असाच होता की आपण जन्माने मुलगीच, वारसाहक्कासाठी आपल्याला मुलगा म्हणून वाढवले गेले. १७७७ साली फ्रान्सला परतल्यावर सैनिकी गणवेष ठेवू द्यावा अशी देऑनची इच्छा होती, ती नाकारली गेली. राणी मारी आंत्वानेतच्या शिंपिणीकडून झगे शिवून आले. त्या झग्यावर देऑन यांनी सेंट लुईचा क्रूस मात्र अखेरपर्यंत मिरवला.

यावरून कोणी म्हणेल की हे सारे राजाच्या दडपणाखाली घडले. मलाही आरंभी तसेच वाटले. परंतु पुढील घटना पाहा. १७८५ मध्ये देऑन लंडनला परतल्या. पुढे राज्यक्रांती झाली, राजाचा शिरच्छेद झाला, वर्षासन बुडाले. आता सक्ती करणारे कोणी उरले नव्हते. तरीही त्यांनी स्त्रीवेष सोडला नाही. पोटासाठी त्या झगा घालूनच तलवारबाजीचे प्रयोग करीत. १७८७ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससमोर त्यांचा झालेला सामना प्रसिद्ध आहे. १७९६ मध्ये अशाच एका सामन्यात त्या जबर जखमी झाल्या. कर्जापायी तुरुंगवासही घडला. अखेरची वर्षे मिसेस कोल नावाच्या एका विधवेबरोबर दारिद्र्यात काढून २१ मे १८१० रोजी त्या निवर्तल्या.

मृत्यूनंतर डॉक्टरांनी देह तपासला आणि तो पुरुषाचा असल्याचे जाहीर केले. वर्षानुवर्षे एका घरात राहिलेल्या मिसेस कोलनाही याची कल्पना नव्हती. एकोणपन्नास वर्षे पुरुष म्हणून आणि तेहतीस वर्षे स्त्री म्हणून काढलेल्या आयुष्याचा निकाल असा शवविच्छेदनाच्या मेजावर लावण्यात आला.

डॉ. जेम्स बॅरी

देऑनच्या मृत्यूच्या आधीच्याच वर्षी, १८०९ साली, एडिंबरा विद्यापीठात जेम्स बॅरी नावाचा एक किरकोळ अंगाचा विद्यार्थी वैद्यकाच्या अभ्यासासाठी दाखल झाला होता. आयर्लंडमधील कॉर्क येथे जन्मलेल्या या मुलाचे जन्मनाव मार्गारेट अ‍ॅन बल्कली. त्या काळी मुलीला वैद्यकाचे दार बंद होते. मामा जेम्स बॅरी हे नामवंत चित्रकार होते. त्यांचे नाव घेऊन आणि त्यांच्या काही वजनदार मित्रांच्या पाठबळाने हे पाऊल टाकले गेले. १८१२ मध्ये बॅरी एम. डी. झाले आणि १८१३ मध्ये ब्रिटिश सैन्यात शस्त्रवैद्य म्हणून रुजू झाले.

१८१६ साली ते केप टाऊनला पोचले. तेथील बॅरींचे काम वाचताना मी थक्क झालो. भोंदू औषधविक्रीला त्यांनी आळा घातला. तुरुंगातील कैदी आणि कुष्ठरोगी यांच्या निवासाची, अन्नाची व स्वच्छतेची त्यांनी तपासणी केली आणि दोष दिसताच अधिकाऱ्यांची भीडभाड ठेवली नाही. १८२६ मध्ये त्यांनी एका स्त्रीची पोट चिरून प्रसूती केली आणि आई व मूल दोघेही वाचली. त्या काळात अशा शस्त्रक्रियेतून आई वाचणे ही जवळजवळ अशक्य गोष्ट होती. कृतज्ञ आईबापांनी मुलाचे नाव जेम्स बॅरी म्युनिक असे ठेवले. पुढे हेच नाव त्या परिवारात चालत राहिले आणि दक्षिण आफ्रिकेचे एक पंतप्रधान, जेम्स बॅरी म्युनिक हर्ट्झॉग, तेच नाव घेऊन आले.

स्वभावाने बॅरी तापट होते. त्यांनी द्वंद्वयुद्ध केले, वरिष्ठांशी वाद घातले. क्रिमियन युद्धाच्या काळात खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याशी त्यांचा खटका उडाला. मॉरिशस, जमैका, सेंट हेलेना, माल्टा, कॉर्फू अशी ठिकठिकाणी सेवा करीत ते कॅनडात रुग्णालयांचे महानिरीक्षक झाले आणि १८५९ मध्ये निवृत्त झाले. २५ जुलै १८६५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

शव आवरणाऱ्या मोलकरणीने नंतर सांगितले की हा देह स्त्रीचा आहे. वृत्तपत्रांना मेजवानी मिळाली. मृत्यूचा दाखला देणाऱ्या मेजर मॅकिनन या लष्करी डॉक्टरांना विचारणा झाली. त्यांनी दाखल्यावर 'पुरुष' असे लिहिले होते. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की बॅरींना आपण वर्षानुवर्षे ओळखत होतो आणि ते पुरुष होते की स्त्री हा आपल्या कामाचा विषय नव्हता. या सर्व प्रकरणात मला हा एकच मनुष्य शहाणा वाटला.

बॅरींबद्दल अभ्यासकांत दोन मते आहेत. काहींच्या मते ती शिक्षणासाठी पुरुषवेष घेतलेली एक धाडसी स्त्री होती. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतून एम. डी. झाल्या तो १८८६ चा सुमार लक्षात घेतला, तर या मतात निश्चित तथ्य आहे. तिला वाट देणारे जग पंच्याहत्तर वर्षे दूर होते. दुसरे मत असे की बॅरी स्वतःला पुरुषच मानत असावेत. निवृत्तीनंतर, नोकरी जाण्याचे भय संपल्यावरही त्यांनी वेष बदलला नाही. इतकेच नव्हे, तर मृत्यूनंतर आपल्या अंगावरचे कपडेही बदलू नयेत अशी त्यांची इच्छा होती असे सांगतात. मला दुसरे मत अधिक पटते. तथापि दोन्ही मतांचा अभ्यास करताना एक गोष्ट खटकत राहिली. वाचलेल्या त्या आई-मुलापेक्षा जगाने त्या मोलकरणीची साक्ष अधिक लक्षात ठेवली.

समारोप

दोन्ही चरित्रे शेजारी ठेवली की त्यांचा शेवट सारखाच दिसतो. एकाच्या बाबतीत जग म्हणाले, 'अरेच्चा, ही बाई नव्हतीच!' दुसऱ्याच्या बाबतीत म्हणाले, 'अरेच्चा, हा पुरुष नव्हताच!' दोन्ही वेळा फसवणुकीचा आरोप मृतावर आला. प्रश्न विचारणाऱ्यांना तो विचारण्याचा अधिकार कोणी दिला, हे कोणी विचारले नाही.

आपल्याकडचा इतिहासही यापेक्षा उजळ नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र भाग होता आणि नोंद झालेल्या व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेषात दिसणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला होता. तो कायदा प्रथम उत्तरेकडील प्रांतांत लागू झाला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८८० मध्ये, पुण्यात किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. एकाच राजवटीत एका ठिकाणी त्या वेषाला तुरुंग होता आणि दुसऱ्या ठिकाणी तिकीट!

पुढे १५ एप्रिल २०१४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मान्यता देताना असे म्हटले की आपण कोण आहोत हे ठरवण्याचा हक्क त्या त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. देऑनच्या देहावर पैजा लावणाऱ्या लंडनला हे उत्तर दोनशेहून अधिक वर्षांनी मिळाले, असे मला वाटले. परंतु न्यायालयाचा निर्णय कँटीनच्या टेबलापर्यंत पोचवणे हे न्यायालयाचे काम नाही. ते आपले आहे.

शेवटी मित्राविषयी. आठ दिवसांनी तो परत आला. मी त्याची क्षमा मागितली. तो स्वतःविषयी काही बोलला नाही आणि मी विचारले नाही. मेजर मॅकिनन यांचे उत्तर तेव्हा माझ्या ध्यानात होते. पुढे या लेखाचा पहिला खर्डा मी त्याला वाचायला दिला. त्या वेळी लेखाचे शीर्षक 'इतिहासातील काही विचित्र माणसे' असे होते. त्याने लेख शांतपणे वाचला, खिशातून पेन काढले, 'विचित्र' या शब्दावर एक रेघ मारली आणि कागद परत दिला.

उरलेल्या शीर्षकात फक्त माणसे राहिली. ते नावही चालले असते.