परदेशातील पर्यावरण अभियांत्रिकी : काय शिकावे, काय सोबत न्यावे

नगरपालिकेच्या हद्दीतून निघणारे सांडपाणी ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून पुढच्या गावाच्या विहिरीपर्यंत पोहोचते, हे आता सर्वांस ठाऊक आहे. ते शुद्ध करण्याचे शास्त्र शिकण्यासाठी महाराष्ट्रातील अनेक तरुण अभियंते परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षण घेण्याची आकांक्षा बाळगतात. शहरांतील विद्यार्थ्यांप्रमाणे तालुक्याच्या गावांतील विद्यार्थीही यात आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तेथे जाऊन नेमके काय शिकावयाचे, याचा विचार अर्ज भरण्यापूर्वीच झाला पाहिजे. या दृष्टीने नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाचे उदाहरण बोधप्रद ठरेल.

अभ्यासक्रमाची रचना

वाखेनिंगेन हे मूळचे कृषी शिक्षणाचे केंद्र. १९१८ साली तेथील शाळेला उच्च शिक्षणसंस्थेचा दर्जा मिळाला. आज तेथे पर्यावरण तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून शिकविला जातो. तो दोन वर्षांचा असून त्यास १२० श्रेयांक असतात. डच पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे २८ तासांचे काम. म्हणजे संपूर्ण पदवीसाठी ३,३६० तासांचा अभ्यास अपेक्षित आहे. यांपैकी प्रबंधास सामान्यतः ३६ आणि प्रत्यक्ष कार्यानुभवास २४ श्रेयांक असतात. याचा अर्थ असा की, निम्मी पदवी वर्गाबाहेर, प्रयोगशाळेत अथवा एखाद्या प्रकल्पावर मिळवावयाची असते. गुण दहापैकी दिले जातात आणि दहापैकी दहा क्वचितच कोणास मिळतात. आपल्याकडे सतत प्रथम श्रेणी मिळविलेल्या विद्यार्थ्याने तेथे सात गुण पाहून निराश होण्याचे कारण नाही.

एका शोधाची कथा

या विद्यापीठाचे नाव सांडपाण्याच्या शास्त्रात सर्वत्र झाले, ते प्रा. खात्से लेटिंगा यांच्या कार्यामुळे. नेदरलँड्समध्ये पृष्ठजलाच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा डिसेंबर १९७० मध्ये अमलात आला. जो जितके प्रदूषण करील त्याने तितका आकार भरावा, असे तत्त्व त्यात होते. बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी अत्यंत सेंद्रिय असते. त्यामुळे त्यांस स्वस्त शुद्धीकरणाची निकड भासू लागली. याच दशकात लेटिंगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर कारखान्यांत प्रयोग करून एक नवी टाकी सिद्ध केली.

तिची रीत सोपी आहे. सांडपाणी टाकीच्या तळातून आत सोडतात आणि ते सावकाश वर चढते. वाटेत त्यास प्राणवायूवाचून जगणाऱ्या जीवाणूंचा दाट थर लागतो. हे जीवाणू एकत्र येऊन बारीक, जड गोळ्या बनवितात. त्यामुळे ते पाण्याबरोबर वाहून न जाता तळाशीच राहतात. घाणीचे रूपांतर ज्वलनशील वायूत होते आणि तो वर बसविलेल्या टोपणाखाली गोळा केला जातो. हवा फुंकणारी यंत्रे लागत नाहीत, म्हणून विजेचा खर्च वाचतो, आणि गाळही कमी निघतो. लेटिंगा यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही. गरीब देशांसही त्याचा मुक्तपणे उपयोग व्हावा, हा त्यामागील हेतू होता. २००९ साली सिंगापूरचा ली क्वान यू जल पुरस्कार त्यांस देण्यात आला.

तंत्र जसेच्या तसे आणता येत नाही

हे जीवाणू वीस अंश सेल्सिअसच्या वर चांगले काम करतात. नेदरलँड्समधील घरगुती सांडपाणी वर्षाचा बराच काळ त्याहून थंड असते. त्यामुळे थंड देशात कारखान्यांसाठी निघालेले हे तंत्र घरगुती सांडपाण्यास लागू पडले ते मुख्यतः उष्ण देशांत. गंगा शुद्धीकरणाच्या कार्यक्रमात डच सहकार्याने १९८९ साली कानपूरच्या जाजमऊ येथे रोज पन्नास लाख लिटर क्षमतेचे प्रायोगिक केंद्र सुरू झाले. पुढे यमुनेच्या काठीही अशी अनेक केंद्रे उभारण्यात आली.

अनुभवाने दोन गोष्टी शिकविल्या. एक, या टाकीतून बाहेर पडलेले पाणी एकट्या तिच्या बळावर नदीत सोडण्याइतके शुद्ध होत नाही. त्यावर पुढची प्रक्रिया करावीच लागते. दोन, जाजमऊच्या चर्मोद्योगाच्या सांडपाण्यात सल्फेट क्षार अधिक असल्याने हायड्रोजन सल्फाइड हा दुर्गंधी आणि लोखंड खाणारा वायू निर्माण होतो. हे धडे डच पाठ्यपुस्तकात नव्हते, ते कानपूरने दिले. महाराष्ट्रातील आसवन्यांतही मळीच्या सांडपाण्यापासून वायू मिळविला जातो. तेथील अडचणी पुन्हा वेगळ्या आहेत. जो विद्यार्थी केवळ टाकीचे आराखडे घेऊन परत येईल, त्याचा उपयोग मर्यादित राहील. आपल्या पाण्याचे तापमान, त्यातील क्षार व वीजपुरवठा यांचा हिशेब ज्याला मांडता येतो, तोच खरा उपयोगी पडेल.

टाकीमागची व्यवस्था

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याने आवर्जून पाहावी. नेदरलँड्समध्ये घराघरांतील सांडपाणी गोळा करणे हे नगरपालिकेचे काम असले, तरी ते शुद्ध करणे हे जलमंडळांचे काम आहे. अशी २१ मंडळे आज तेथे आहेत. त्यांचा इतिहास तेराव्या शतकापर्यंत मागे जातो. त्यांच्या सभासदांची निवडणूक दर चार वर्षांनी होते आणि शुद्धीकरणाचा कर ती स्वतः बसवितात. एकट्या माणसाच्या घरास प्रदूषणाचे एक परिमाण धरतात, तर त्याहून अधिक माणसांच्या घरास तीन. हा पैसा सांडपाण्याच्या कामासाठी येतो, म्हणून केंद्र चालविणारा माणूस, दुरुस्ती आणि वीज यांची तरतूद दरवर्षी होत राहते.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ साली केला आणि राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले. म्हणजे प्रारंभ आपणही त्याच सुमारास केला. यंत्रसामग्री विकत घेता येते. ती वीस वर्षे चालू ठेवणारी करव्यवस्था आणि देखरेख मात्र विकत मिळत नाही. परदेशी अभ्यासात हा विषय यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे.

खर्च आणि साहाय्य

युरोपबाहेरील विद्यार्थ्यांस तेथील वार्षिक शुल्क वीस हजार युरोंच्या घरात पडते. निवास व भोजन याहून वेगळे. हा भार सामान्य कुटुंबास पेलणारा नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजना आहे. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. अटी व मुदती वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षीचीच जाहिरात वाचून अर्ज करावा. कर्ज काढण्यापूर्वी परतफेडीचा हिशेब कुटुंबासमवेत मांडावा.

आपण काय करू शकतो

या कामी वाचकांचाही वाटा आहे. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी शुद्धीकरण केंद्राची दैनंदिन नोंदवही अशा विद्यार्थ्यास जाण्यापूर्वी दाखवावी : रोज किती पाणी येते, विजेचे देयक किती, केंद्र कितीदा व कशाने बंद पडले, गाळ कोठे टाकला. पंचायत सदस्यांनी गावातील गटारे आणि शोषखड्डे त्याच्याबरोबर हिंडून दाखवावेत. शिक्षकांनी त्याच्याकडून हा प्रश्न एका पानात लिहून घ्यावा. तेच पान पुढे त्याच्या प्रबंधाचा विषय होऊ शकेल, आणि अर्जासोबतच्या निवेदनातही त्याचे वजन पडेल.

परदेशातील प्रयोगशाळा उत्तर शोधण्याची रीत शिकविते. प्रश्न मात्र येथूनच न्यावा लागतो. तो नेला असेल, तर दोन वर्षांनी परतलेल्या अभियंत्याच्या हातून गावाबाहेरचा तो ओढा खरोखर स्वच्छ होण्याची आशा धरता येईल.